कमठाण्याच्या बंगल्यावरचा पाहुणा

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आता आहे का, असं विचारलंत तर मी विषय बदलतो... कारण या भानगडीची सुरुवात माझ्याच तोंडून झाली. एका पाहुण्याला मी भर दुपारी विचारलं, "चच्चा, निघणार कधी?"

तुम्ही म्हणाल, यात काय बिघडलं? आमच्या घरात बिघडतं. बिदरजवळ कमठाण्याच्या शिवारात आमचा तांबड्या दगडाचा बंगला आहे. कुण्या जहागीरदारानं शिकारीसाठी बांधलेला. आम्ही निजामाचे होतो ते हिंदुस्थानचे झालो, जहागिरी गेल्या, तसा तो आजोबांनी घेतला. नि मग एके दिवशी आम्ही म्हैसूरचे झालो. तिकडून नवे अंमलदार बदलून येऊ लागले. त्यांना राहायला जागा मिळेना, ज्वारीची भाकरी घशाखाली उतरेना. वडिलांनी — आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो — खोल्यांतून खाटा टाकल्या, आईनं भात-सार सुरू केलं, आणि बंगला चालू लागला. जमीन सगळी मुरमाड. घर चालायचं ते पाहुण्यांवरच. अप्पांचा नियम एकच. पाहुणा दिसला की आधी ‘बसा’ म्हणायचं, आणि कधी जाणार हे जीव गेला तरी विचारायचं नाही.

म्हैसूरचं नाव बदलून कर्नाटक होणार अशी बोलणी चालली होती, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालेलं. कालव्याच्या सर्व्हेचे इंजिनिअर जीप भरून आले. खोली मोकळी आहे का बघायला निघालो, तर व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत एक म्हातारे गृहस्थ — पांढरी शेरवानी, मांडीवर काठी. कुणीतरी मुक्काम लांबवलाय, असं वाटलं. नव्या नवरदेवाच्या रुबाबात विचारून टाकलं. ते हसले. "अब्बी उठता, बेटा," म्हणाले आणि आत गेले. सामान घ्यायला गेले असतील म्हणून मी थांबलो. ते बाहेर आलेच नाहीत. आत जाऊन पाहिलं... कुणीच नाही.

अप्पांना सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. "असा कुणी पाव्हणा उतरलेलाच न्हाई. आन् तू त्याला जा म्हणलास?"

"जा न्हाई म्हणलो, अप्पा. कधी जाणार, इतकंच म्हणलो."

"लई शाना हायस. त्याला येगळं काय म्हणत्यात?"

मी ती आरामखुर्ची गुपचूप कडब्याच्या खोलीत टाकली. शूर माणूस ना मी!

त्या दिवसापासून बंगल्यात कुणाला बसवेना. इंजिनिअर जेवता जेवता उठले आणि गेले. बियाणंवाले आले, उभ्यानं चहा प्यायले, गेले. जनावरांचे डॉक्टर आमचे जुने गिऱ्हाईक. जेवण झालं की डाराडूर घोरणारा माणूस. तेही हातात टोपी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालू लागले. "काय व्हायलंय कळंना, बसवतच न्हाई बघा." आई चुलीपुढून सारखी उठायची. मी तर चपला घालून घरात फिरायचो, कुठं निघालोय ते माहीत नसताना! शिवारातल्या इतर घरांत मात्र माणसं गाढ झोपत होती.

बोभाटा व्हायला वेळ लागत नाही. खाटा रिकाम्या पडल्या. "सुगीपर्यंत असंच राहिलं तर बंगला मोडावा लागंल," अप्पा म्हणाले... उभ्यानंच.

बायको माझी उदगीरची. एका दुपारी ती आरामखुर्ची ओढत घेऊन आली.

"कामून आणायलीस ती?" मी ओरडलो.

"पाव्हण्याचं घर हाय. खुर्ची कडब्यात कामून?"

तिनं खुर्ची झटकली, बाजूला गूळ आणि पाण्याचा तांब्या ठेवला, डोक्यावर पदर घेतला, आणि रिकाम्या जागेकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "बसा. जेवूनच जायचं."

मी हसलो. खुर्चीचं कापड जरासं ताणलं गेलं. वारा असेल. त्या दुपारी पान हलत नव्हतं, तो भाग वेगळा.

आणि डॉक्टर... त्या दिवशीही ते येऊन, उभ्यानंच जायला निघालेले, पायरीपर्यंत गेलेले. तिथंच दगडी कट्ट्यावर टेकले, टोपी तोंडावर घेतली, आणि घोरायला लागले! आत आई भिंतीला पाठ लावून खाली बसली. अप्पांनी कधी नव्हे तो उंबऱ्यावर बसून तंबाखू मळली.

पुढच्या आठवड्यात इंजिनिअरांची जीप परत आली. बंगला अजून चालतो. डॉक्टर म्हणतात, उन्हाचा ताप होता. ऊन काय आमच्याच छपरावर पडत होतं? मला आजतागायत उलगडा झालेला नाही.

खुर्ची परत मांडली त्या संध्याकाळी बायको तांदूळ निवडत होती. मी हळूच विचारलं, "म्हणजे ते परत आले म्हणायचं का?"

तिनं सुपातला खडा बाहेर टाकला. "गेले कुठं व्हते? तुम्ही उठवलाव, आन् बसा कुणी म्हणलं न्हाई. घरभर उभेच फिरायलते की बिचारे."