शीग उतरवणाऱ्या बाई

आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई मुलींचे विचार ज्वारीसारखे मोजायच्या. कळंबच्या एका अडत्याच्या घरी वाढल्या होत्या, म्हणून असेल. एखादी मुलगी जेवेनाशी झाली, की तिला कोठीच्या खोलीत पोत्याजवळ बसवायच्या आणि विचारायच्या, "मनात काय येतंय? ते किती खरं वाटतं? चिपटंभर, शेरभर, का पायलीभर?" चिपटं सगळ्यांत लहान, पायली सगळ्यांत मोठी.

मुली मागे थट्टा करत, आज बाजार लई तेज हाय म्हणून. परंड्याची एक मैत्रीण सुटका व्हावी म्हणून म्हणाली, "माझं माप रिकामंच हाय." बाई म्हणाल्या, "मग उचलताना एवढी वाकतीस कशाला?" ती तिथंच रडू लागली.

दुष्काळाच्या वर्षी मी नववीत होते. बेंबळीजवळ खडीच्या कामावर ऊन लागून आई गेली. मी शिकायला आले, म्हणून माझ्या वाटणीच्या पाट्या तिला उचलाव्या लागल्या, असं मी मनाशी धरून बसले. बोलणं सोडलं. पुस्तकातली अक्षरं दिसत, अर्थ लागत नसे. वडील, अण्णा, मला घरी न्यायला आले. तेव्हा गेले असते, तर शाळा कायमची सुटली असती. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

त्या रोज विचारत. मी रोज पायली सांगे. असं मनात आणू नये, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. म्हणत, "दुःख मोजायचं नसतं गं. ते आहे तेवढं असू दे. 'माझ्यामुळं झालं' हे किती खरं वाटतं, तेवढंच सांग."

एके दुपारी त्यांनी पायलीच माझ्यापुढे सरकवली. "वाटतं तेवढी भर." मी शीग लावून भरली, काठावर ढीग होईपर्यंत. बाईंनी काठावरून हात फिरवला. वरचे दाणे फरशीवर सांडले.

"हे तूच वर रचलंस," त्या म्हणाल्या.

मग पायलीतून एकेका खऱ्या कारणाची ओंजळ काढायला लावली. उन्हाची, आटलेल्या विहिरींची, ताप असताना सुट्टी न देणाऱ्या मुकादमाची. तळाशी थोडी ज्वारी उरली, तीही मी उपसू लागले. बाईंनी मनगट धरलं. "ही मायेची आहे. राहू दे."

त्या दिवशी मी भाकरी खाल्ली. पुढेही कधी कधी पायली भरायची, पण शीग लागली नाही. दिवाळी संपल्यावर अण्णांनीच मला वसतिगृहात परत आणून सोडलं.

आता मी परंड्याला शिकवते. बाई गेल्याचं कळलं तशी मिळेल ती एस्टी धरली. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परतताना मनात आलं, मागच्याच आठवड्यात भेटायला गेले असते तर त्या राहिल्या असत्या. हे किती खरं, ते मला कळत होतं. विचारणारं माणूस तेवढं नव्हतं.

एस्टीत शेजारी बसलेल्या म्हातारीनं माझं तोंड बघून कोण गेलं म्हणून विचारलं. मला नातं सांगता येईना. "आमच्या बाई," म्हणाले.

उठून तिनं खिडकीकडची जागा मला दिली.