डोणीतला लाल जीव

हिंगोली जिल्ह्यात कुणाच्या घरी गेल्यावर चहाच्या आधी रांजणात डोकावणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं भाग्य! शाळेत विज्ञान शिकवता शिकवता या गृहस्थाला शेवाळाचं वेड लागलं. खिशात कायम औषधाची रिकामी बाटली. लोक सिद्धेश्वरच्या धरणावरून मासे आणतात, हे बाटलीभर हिरवं पाणी आणतात. एकदा दहाव्याला गेलो, तर सगळे पिंडाला कावळा कधी शिवतो हे पाहून राहिले आणि आमचे साडू घाटाची पायरी खरवडून राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांचा सगळ्यात लाडका जीव अंगणातल्या दगडी डोणीत राहतो. गुरं विकून जमाना झाला, पाणी पाजायची डोणी तेवढी उरली. त्यातला हा एका पेशीचा हिरवा जीव, पाणी आटलं की लाल होतो, जाड कवच घालून पडून राहतो. "साडूभाऊ, ऊन तापलं की तुरीच्या पानाची बारीक तोंडं मिटवणारं जे संप्रेरक हाय ना, तेच ह्या एवढ्याशा जिवात बी हाय. तकलीफ आली की ते वाढतं अन् ह्याला सांगतं, आवर आता, कवच घाल. ना डोकं, ना काळीज, पण अक्कल बघा!" हे व्याख्यान मी शंभरदा ऐकलंय, त्यातलं निम्मं जेवणाच्या ताटावर.

यंदा पोरीला पाहायला पाव्हणे येणार, म्हणून माझी मेहुणी राख आणि काथ्या घेऊन कोरडी डोणी घासायला निघाली. साडू आडवे झाले. "जित्तं हाय ते!"

"जित्तं? गंजावानी दिसून राहिलंय!"

शेवटी माझ्यासमोर ठरलं. आठ दिवसांत ते लाल पुट हिरवं झालं तर डोणी राहील. न्हाई तर डोणी घासायची आणि कपाटातल्या तीस वर्षांच्या बाटल्याही उकिरड्यावर टाकायच्या.

साडूंनी नळाचं पाणी भरलं, आटेल तेवढं रोज नळाचंच वर ओतलं. सहा दिवस गेले, पाणी होतं तसंच. त्यांचं जेवण सुटलं. सातव्या दिवशी "मेलं वाटतं," म्हणत स्वतःच बाटल्या पोत्यात भरायला लागले. ते पाहून मेहुणीनं त्यांच्या हातातलं पोतं काढून घेतलं. तिनं डोणीवर वाकून वास घेतला आणि कडाडली, "अहो, नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकतेत! शेवाळ मरावं म्हणूनच टाकतेत की!" आमच्या विज्ञानाच्या मास्तरांना हे सुचलंच नव्हतं! तिनं डोणी उपसली, विहिरीच्या दोन घागरी स्वतः आणून ओतल्या आणि म्हणाली, "आठ दिवस आजपासून मोजा."

चौथ्या सकाळी साडूंच्या आरोळीनं गल्ली जागी झाली. पाणी हिरवं! कवच फोडून जीव बाहेर आले होते. शाळेतून सूक्ष्मदर्शक आला, पोहणारे हिरवे ठिपके पाहायला रांग लागली. त्याच दिवशी पाव्हणे आले. त्यांचा चहा निवला, पण नवरदेव काही भिंगावरून डोळा काढीना. मेहुणीनं पोतं रिकामं करून सगळ्या बाटल्या परत कपाटात लावल्या. काय रुबाब होता त्या दिवशी साडूंचा!

गर्दी पांगल्यावर मात्र ते डोणीच्या पाण्यात हात घालून बसले. "साडूभाऊ, पाणी परत येणार हाय, हे त्याला सुकताना कळत असंल का हो?"

"कसं कळंल? न्हाई."

"तरी बी तयारी करतंच ना," ते म्हणाले, आणि घरातल्या बाटल्यांच्या कपाटाकडे पाहत राहिले.

इतकी वर्षं मी या माणसाला हसलो. त्या दिवशी मात्र त्यांचा ओला हात हातात घेतला, तो लवकर सोडवेना.