वर: विवाहित, अपत्ये तीन

चहा घ्या आणि ऐका, पण हसलात तर पुढचं सांगणार नाही. माझं जमू घातलेलं लग्न मी स्वतःच्या हातानं मोडलं, आणि तेही जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत कोड लिहून!

कर्जतला आमच्या बौद्ध समाजाचा वधू-वर मेळावा होता. आयोजक आमचे सुरेशकाका. मी पडलो प्रोग्रामर, म्हणून अ‍ॅपचं काम माझ्या गळ्यात. लोकांनी भरलेली माहिती जेसन नावाच्या साच्यात यायची: वरती पालक, त्याच्या पोटात मुलगा किंवा मुलगी. पत्ता, गाव, फोन लोक एकदाच लिहिणार, तेही पालकाच्या नावापुढे. म्हणून मी अक्कल लढवली. माहिती वाचतानाच मुलाचा जो रकाना रिकामा दिसेल, तो पालकाकडून उचलून भरायचा. कुठला रकाना? सगळेच!

मेळाव्यात हॉलच्या पडद्यावर पहिला वर आला. इंजिनिअर, पगार चांगला, विवाहित, अपत्ये तीन. दुसरा आला, विवाहित, अपत्ये दोन. पोरांनी रिकामे सोडलेले लग्नाचे आणि अपत्यांचे रकानेही आईबापांकडून भरले गेले होते! मोहोपाड्याच्या एक मावशी पिशवी उचलून निघाल्याच. काका माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले.

पण खरी धाकधूक वेगळीच होती. भिवपुरीची प्रज्ञा, शाळेत शिकवते, पुढच्याच रांगेत बसली होती. सकाळी चहाच्या टेबलापाशी आमच्या छान गप्पा झाल्या होत्या. आणि थोड्याच वेळात पडद्यावर माझं नाव येणार होतं!

कसंबसं कोड बदललं. आता पालकाकडून घ्यायचं ते फक्त पत्ता, गाव आणि फोन. माझं नाव आलं. अविवाहित! जीव भांड्यात पडला. प्रज्ञानं माझा नंबरही टिपून घेतला, मी डोळ्यांनी पाहिलं.

मग काय, अंघोळीलासुद्धा फोन घेऊन जायला लागलो. महिना गेला, फोन काही येईना. शेवटी एकदा जेवताना बाबांपुढे रडगाणं गायलो.

बाबा शांतपणे म्हणाले, "भिवपुरीवरनं एका बाईचा फोन माझ्या मोबाईलवर आलेला रं. लग्न झालंय का, खरं सांगा म्हणाली. मला वाटलं जनगणनेवाली हाय. सांगितलं, झालंय, तीन पोरं हायत."

ताट सारून मी अ‍ॅपमध्ये माझी माहिती उघडली, तर नंबर बाबांचा! आपलंच अ‍ॅप, कशाला भरत बसायचं, म्हणून माझा फोनचा रकाना मीच रिकामा सोडला होता!

लगेच प्रज्ञाला फोन लावला. तोवर तिचं खोपोलीत ठरलंसुद्धा होतं.

आणि बाबांच्या त्या तीन पोरांतला थोरला तुमच्यासमोर चहा पितोय. अजून अविवाहित.