फ्लॉरेन्सला जाताय? आम्ही सुजितला आणायला गेलो होतो

मी इटलीला जाऊन आलो हे कळल्यापासून ओळखीतली माणसं विचारत असतात, "सर, फ्लॉरेन्स कसं आहे? किती दिवस पुरतात? शाकाहारी मिळतं का?" त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. माहिती खरी आहे, उपयोगी पडेल. पण मी तिथे चित्रं बघायला गेलो नव्हतो. मी भाच्याची राख आणायला गेलो होतो आणि हात हलवत परत आलो. हे आधीच सांगतो, म्हणजे घुमटाच्या फोटोसाठी आलेल्यांना इथूनच मागे फिरता येईल.

सुजित माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. घर पेठ वडगावला, चार म्हशी, थोडा ऊस. पोराचा हात चांगला होता, चामड्याच्या वस्तू बनवायचं वेड होतं. कोल्हापुरात एका एजंटाच्या कचेरीत काचेमागे हसऱ्या मुलांचे फोटो लावलेले असतात, तिथून तो फ्लॉरेन्सला गेला. ते शहर चामड्याच्या कामासाठी जगात नावाजलेलं. दिवसा शाळेत पिशव्या शिवायला शिकायचा, संध्याकाळी सायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवायचा. एका पावसाळी संध्याकाळी चौकात त्याला गाडीने उडवलं. पाठीवरच्या डब्यात कुणाचं तरी गरम जेवण होतं. त्या काचेमागच्या फोटोंत सायकलवर बसलेला एकही मुलगा दिसत नाही, हे मी आता भाषणात सांगतो आणि सांगतच राहणार.

व्हिसा मिळेपर्यंत आठवडे गेले. तेवढ्यात तिकडून विचारणा झाली, दहन करायचं का? देह आणणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. अक्कानं, म्हणजे माझ्या त्या बहिणीनं, फोनवर "करा" म्हटलं आणि फोन उपडा ठेवला. आमच्यातलं कुणीही त्याला शेवटचं बघितलं नाही, कुणाचा हात त्याला लागला नाही. म्हणून मी आणि दाजी, म्हणजे सुजितचे वडील, दोघं निघालो. अक्कानं सांगितलं होतं, "त्याला घेऊन या. रक्षा आपल्या रानात व्हायची." आमच्याकडे हल्ली बरेच लोक रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन, त्यात झाड लावून करतात. ही रीत रुजावी म्हणून मी वर्षानुवर्षं गावोगाव बोललो आहे. घरच्याच पोरासाठी खड्डा काढावा लागेल, हे कुठल्याच भाषणात नव्हतं.

आता वाटेचं. मुंबईहून आखातात विमान बदलून रोमला उतरा आणि तिथून आगगाडीने फ्लॉरेन्स. वेगवान गाडी दीड-पावणेदोन तासांत पोचवते, तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. साध्या गाडीचं कागदी तिकीट काढलं तर फलाटावरच्या यंत्रात ते छापून घ्यायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. राहायला स्टेशनजवळ स्वस्त खोल्या मिळतात, पण शहराचा कर रोजचा वेगळा द्यावा लागतो. खाणावळीत टेबलाला बसलात की बसण्याचेच पैसे लावतात. कॉफी उभ्यानं प्या, निम्म्यात मिळते. जागोजागी नळ आहेत, पाणी विकत घेऊ नका.

आणि तिथल्या पावाला मीठ नसतं. ही त्या भागाची जुनी रीत आहे. दाजींनी पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले.

"पावणं, मीठ इसारलं काय ह्यास्नी?"

"न्हाय दाजी. हितं पाव असाच करत्यात."

"म्हंजे आख्खं गाव सुतकातलं अळणी खातंय म्हणा की."

ते एवढं बोलले आणि त्यांनी पाव संपवला. चार म्हशींचं दूध काढणारा, दाराशी आलेल्या माणसाला आधी जेवला का विचारणारा हा माणूस प्रवासभर इतकंच बोलत होता.

आमच्या मदतीला सिस्टर लिली होत्या. केरळच्या नन, फ्लॉरेन्सच्या एका इस्पितळात काम करतात. तरुणपणी मिरजेला नर्सिंग शिकल्या, त्यामुळे मराठी येते, मिरजेच्या रुग्णांकडून शिकलेली. स्टेशनावर आम्हाला बघताच म्हणाल्या, "आलात का? जेवलात का? कुठं दुखतंय?" तिन्ही प्रश्न एका दमात. सुजितचे शेवटचे कागद त्यांनीच केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवरच्या दफनभूमीत गेलो. शहरातून बस जाते. उंच काळपट सुरूची झाडं, खाली सगळं शहर आणि मधोमध तो तांबडा घुमट. तिथल्या बाईनं एक राखाडी कलश दाजींच्या हातात दिला. झाकणावर पालिकेचं सील, वर नाव, जन्म, मृत्यू. दाजींनी कलश कानाजवळ नेऊन हलकासा हलवला. आत काही वाजलं नाही.

सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, नीट ऐका. उद्या पालिकेत नेण्याच्या दाखल्यावर शेवटचा शिक्का. ते सील बघणार. सील तोडायचं नाही. घरी जाईपर्यंत नाही."

"व्हय," दाजी म्हणाले.

दुपार मोकळी होती. खोलीत बसून दोघंही वेडे झालो असतो. मी म्हटलं, चला, आपल्या राजाकडं जाऊन येऊ. कोल्हापूरच्या वाचकांनी ही जागा चुकवू नये. आपले एक तरुण महाराज युरोपातून परतताना याच शहरात वारले. नदीकाठी त्यांचं दहन झालं आणि तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. शहराच्या पश्चिमेला नदीलगत मोठी बाग आहे, ट्रामने बागेच्या तोंडाशी उतरायचं आणि मग टोकापर्यंत बरंच चालायचं. चांगले बूट घाला, पाणी जवळ ठेवा. नोव्हेंबरात वाट चिखलाची असते.

जाताना मोठ्या चर्चसमोरून गेलो. (आत जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. घुमटावर चढायचं तिकीट आधी नोंदवा. मोठं चित्रसंग्रहालय सोमवारी बंद असतं.) दारातल्या रखवालदारानं दाजींच्या पोटाशी धरलेल्या कलशाच्या पिशवीकडे बोट केलं, उघडा म्हणून. दाजी मागे सरकले. "ह्यात माझं प्वार हाय," ते मराठीत म्हणाले. त्याला काय समजलं कोण जाणे, पण तो बाजूला झाला. आम्हीच आत गेलो नाही.

पुतळ्यापाशी चिटपाखरू नव्हतं. रंगवलेला तरुण चेहरा, डोक्यावर पागोटं, मागे मातकट नदी. परदेशात आपल्या राजाचा पुतळा आहे म्हणून छाती फुगवणारे कोल्हापुरात पुष्कळ भेटतात. मीही फुगवली आहे. पण तिथे उभं राहिल्यावर छाती फुगत नाही. तिथे एवढंच दिसतं की घरी निघालेला एक वीस-एकवीस वर्षांचा मुलगा वाटेतच संपला.

दाजी पुतळ्याच्या अगदी जवळ गेले. मग विचारलं, "हेंला कुणी जाळलं?"

"बरोबरच्या माणसांनी. आपल्या रीतीनं. इथल्या सरकारनं परवानगी दिली होती."

"सावडलंबी त्यांनीच असंल."

"असंल की."

सावडणं म्हणजे चितेची राख हाताने गोळा करणं, अस्थी वेचणं. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी घरची माणसं जमतात आणि राखेत हात घालतात. किती दुःख असलं तरी तो हात घालावा लागतो, आणि त्यानंतरच माणूस गेला हे अंगात उतरतं. भटजी असो नसो, मंत्र असो नसो. मी आयुष्यभर कर्मकांडाविरुद्ध बोललो, पण सावडण्याला कधी कर्मकांड म्हटलं नाही. ते शेवटचं शिवणं आहे.

"राजाला मिळालं," दाजी म्हणाले आणि परत फिरले.

खोलीवर आल्यावर मी खाली फळं आणायला गेलो. परत आलो तर दार नुसतं लोटलेलं. दाजींनी फरशीवर आपलं धुतलेलं धोतर अंथरलं होतं. कलशाचं झाकण बाजूला, सील दोन तुकडे होऊन पडलेलं. ते मांडी घालून बसले होते आणि दोन्ही हात मनगटापर्यंत राखेत होते. बोटं हळूहळू फिरवत ते काहीतरी शोधत होते.

"दाजी, हे काय केलंसा!"

त्यांनी वर बघितलं नाही. "पावणं, हाडूक घावंना वो एकबी. पिठागत दळलंया. ह्यात माझ्या पोराचं काय हाय, सांगा की."

तिकडे यंत्रात दहन झाल्यावर उरलेल्या अस्थी दळून देतात. हे मला माहीत होतं, त्यांना सांगायची हिंमत झाली नव्हती. मी शेजारी बसलो. अंगठ्याखालची राख दाबून बघत, पुन्हा पसरत, पुन्हा ओढत ते कितीतरी वेळ सावडत राहिले. मग कण न् कण गोळा करून कलशात भरला, धोतरही वरून झटकून घेतलं. रडले नाहीत. त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झालेला होता.

ही चूक इटलीतल्या कुठल्या बापाने केली नसती. तुम्ही केली असती. मीही केली असती.

सकाळी पालिकेत सिस्टर दुभाषी म्हणून बरोबर होत्या. तिथल्या अधिकाऱ्यानं कलश हातात घेतला, झाकण फिरवलं आणि खाली ठेवला. माणूस सभ्य होता. म्हणाला, सील तुटलं म्हणजे आत तेवढंच आहे आणि तेच आहे, हे मी लिहून देऊ शकत नाही. तिथल्या कायद्यात परवानगीशिवाय राख कुठे सोडणं हा गुन्हा आहे, त्यामुळे चौकशी होईल. तोपर्यंत कलश दफनभूमीच्या ताब्यात राहील.

मी उभा राहिलो. हजारोंच्या सभा गाजवलेला माझा आवाज त्या छोट्या खोलीत मराठीत फुटला. म्हटलं, जिवंतपणी ज्याला तुम्ही रात्रंदिवस सायकलवर राबवलंत, तेव्हा त्याच्या कुठल्या कागदावर सील बघितलंत? तुमच्या शहराचं जेवण पाठीवर घेऊन तो मेला. मेल्यावर त्याला दाखला लागतो, आणि बापाचा हात लागला तर तो विटाळतो? विटाळ आम्ही आमच्या देशात गाडायला निघालोय, तो तुम्ही इथे कायद्यात का लिहून ठेवलात? बराच वेळ बोललो. बाहेरची माणसं दारात गोळा झाली.

थांबलो तेव्हा सिस्टर लिली अधिकाऱ्याला हळू आवाजात एकच वाक्य बोलल्या.

"एवढंच सांगितलंत?" मी विचारलं.

"बाकीचं त्याला पण माहीत आहे, सर. मी म्हटलं, हा बाप आहे."

अधिकाऱ्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाला, मलाही मुलगा आहे. आणि कलश कपाटात ठेवला.

आमचा व्हिसा संपत आला होता. चौकशी कधी संपेल हे कुणी सांगेना. संपल्यावर जवळच्या नातेवाइकानं पुन्हा यावं लागेल, एवढं कळलं. सिस्टर म्हणाल्या, "मी रविवारी जात जाईन." दाजींनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्या "अरे अरे" म्हणत मागे सरकल्या.

तर, फ्लॉरेन्सला जरूर जा. सुंदर शहर आहे, मी खोटं बोलणार नाही. नदीवरचा दुकानांचा जुना पूल बघा. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. पण संध्याकाळी पाठीवर चौकोनी डबा घेतलेला एखादा सावळा मुलगा सिग्नलला दिसला, तर त्याला त्याच्या भाषेत जेवला का विचारा. आणि देव न करो, आमच्यासारखं कुणाला जावं लागलं, तर सील तोडू नका, असं मी लिहायला हवं. सगळी माहिती देणाऱ्यानं तेही द्यायला हवं. लिहितो. सील तोडू नका.

घरी पोचलो तेव्हा रानात माणसं जमली होती. सगळ्यांना आधी कळवायला हवं होतं, पण ते वाक्य फोनवर जुळवता आलं नव्हतं. बांधाजवळ खड्डा घेतलेला, शेजारी आंब्याचं रोप. दाजींच्या रिकाम्या हातांकडे बघून बायका बाजूला झाल्या. कुणीतरी मागून कुजबुजलं, "आणलं न्हाय व्हय?"

मी पुढे झालो. काय झालं ते सगळं सांगितलं. सील, कायदा, कपाट. अक्का ऐकून घेत होती, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. मी थांबल्यावर ती दाजींना म्हणाली,

"तुमी हात लावलासा त्याला?"

"लावला."

"दोनी हातांनी?"

"दोनी."

अक्का पुढे आली. तिनं दाजींचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटे केले, तळवे बघितले आणि ते तसेच आपल्या तोंडावर दाबून धरले.