डोंगराआडचा ढग

ऑफिसात तिला सगळे ढगूताई म्हणत. ती हवामान खात्यात लागली तेव्हा उपग्रहाची चित्रं बघायचं काम कुणालाच नको असायचं. दिवसभर पडद्याला डोळे लावायचे आणि अंदाज चुकला की लोकांची बोलणी खायची! ढगूताईला मात्र त्या चित्रांनी वेड लावलं. आपण खालून ढगांची पोटं बघतो, तिला वरून त्यांचे माथे दिसत. कुठला ढग नुसताच मिरवतोय आणि कुठला खरोखर अंगावर येणार, हे ओळखण्यात तिची अर्धी हयात गेली. घरी सासूबाई टोमणा मारत, "एवढी वादळं ओळखतेस, मग माझे वाळत घातलेले कपडे कसे भिजले गं?"

"आई, उपग्रहाला आपली दोरी दिसत नाही हो," ती हसून म्हणे.

तिचा धाकटा दीर गावाबाहेरच्या तळ्यावर होड्या चालवायचा. एका सुट्टीच्या दिवशी तिथे ही गर्दी उसळली होती. ढगूताई ड्यूटीवर होती. तळ्यामागच्या डोंगरापलीकडे एक ढग वाढताना तिला दिसला. उष्णतेच्या चित्रात ढग जितका उंच तितका त्याचा माथा थंड, आणि थंड तितका त्याचा रंग गडद. हा माथा दर नव्या चित्रात गडद होत चालला होता. वर पोचून तो ऐरणीसारखा सपाट पसरला. इथवर ठीक होतं. पण मग त्या सपाटीतून एक फुगवटा वर आला, उतू जाणाऱ्या दुधासारखा, आणि खाली बसेचना. म्हणजे आतली हवा भयंकर जोरात वर चढत होती.

तिने साहेबांना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं, रडारवाल्यांना विचारून खात्री केली. "गाराही असणार. काढा इशारा," ते म्हणाले. इशारा गेला, तशी तिने दिराला फोन लावला.

"भाऊजी, होड्या किनाऱ्याला घ्या. लगेच."

"वहिनी, अहो आभाळ निळंशार आहे! माणसं रांगेत उभी आहेत."

"डोंगरामागचं तुम्हाला दिसत नाही. मला दिसतंय."

"आणि नाही आलं काही, तर?"

"तर जन्मभर मला बोला. एक शब्द उलटून बोलणार नाही."

मग होड्या परत बोलावणारी त्याची शिट्टी तिला फोनवर ऐकू आली.

लोक कुरकुरले. एक आजोबा तर दिरावर जाम उखडले. शेवटची होडी बांधून होते न होते तोच डोंगरावरून अंधार उतरला. वाऱ्याने धक्क्यावरचे पत्रे उडवले, गारांनी झोडपून काढलं, दोन रिकाम्या होड्या दोर तोडून उलटल्या. माणसं तोवर उपाहारगृहात दाटीवाटीने उभी होती.

संध्याकाळी दिराचा फोन आला. "वहिनी, पत्रे गेले. दोन होड्याही गेल्या."

"आणि माणसं?"

"माणसं चहा पितायत! ते आजोबा मला मिठी मारून बसलेत, सोडायलाच तयार नाहीत." ढगूताईने पदराने डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी ती त्या वादळाची सगळी चित्रं पहिल्यापासून बघायला बसली. आधीच्या एका चित्रात तो फुगवटा पुसटसा दिसत होता. तेव्हा तिच्या नजरेतून निसटला होता.

"सगळं निभावलं ना? आता कशाला डोळे फोडताय?" साहेबांनी विचारलं.

"पुढच्या वेळी आणखी जरा आधी कळेल, साहेब," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून खुशीत पुढचं चित्र उघडलं.