लातूर शाखेतला आमचा मुक्काम

आमच्या नातीनं बारावीला लातूरला राहावं की बिलोलीलाच शिकावं, हे ठरवायचं होतं जावईबापूंनी, पण घोडं अडलं होतं माझ्यापाशी. जावईबापू बिलोलीला मास्तर. ते म्हणाले, "पोरगी एकटी खोलीवर राहणार न्हाई. मामी सोबत राहत असतील तर लातूर, न्हाईतर इथलंच कॉलेज." त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण भूकंपापासून स्लॅबखाली माझा डोळा लागत नाही, त्याला मी काय करू?

लातूरजवळचं आमचं मुरुड त्या पहाटे हललं, पडलं नाही. तरी तेव्हापासून मी आणि आमचे हे मॅटाडोरमध्येच झोपायचो. ह्यांचा आठवडी बाजारात कापड विकायचा धंदा, गाडीत फळ्या होत्याच. गठ्ठे काढले की दोन पलंग तयार. लोक हसायचे, बांधलेलं घर सोडून गाडीत झोपता? मी म्हणायचे, घराला चाकं लावून द्या, घरात झोपते.

लातूरची तर तेव्हा वेगळीच तऱ्हा. भूकंपानंतर जे मजले चढवायला माणसं भ्यायची, तेच मजले क्लासच्या पोरांसाठी भराभर चढून राहिले होते. खोली दाखवणारा प्रत्येक जण भिंतीवर थाप मारायचा. "काय होत न्हाई मावशी, लई सिमेंट हाय." तो थाप मारायचा आणि मी जिना कुठं आहे ते बघून ठेवायचे.

खोली ठरली नव्हती, पण क्लास सुरू होत होते म्हणून नातीला आणायला बिलोलीला गेलो, तर येताना नांदेडला अंधार पडला. बायपासला एक मैदान होतं, गाड्या लावून गाडीतच मुक्काम करायचं. पंजाबातून दर्शनाला आलेले ट्रक उभे, आत फळ्या टाकून दोन-दोन मजले केलेले. प्रत्येक गाडीला दिव्याचा एक खांब, खाली पाण्याची तोटी, पलीकडं न्हाणी. एका सरदारणीनं मला लोणचं दिलं आणि भाषा येत नसताना तासभर तिच्या सुनेची गाऱ्हाणी सांगितली. मला सगळी कळली. मी अशी गाढ झोपले की ह्यांना हलवून उठवावं लागलं. निघताना मालक म्हणाला, "लातूरला आमची शाखा हाय की!"

शाखा म्हणजे त्यानं मेव्हण्याला नाव दिलं, निळी पाटी दिली आणि नियमांचा कागद दिला. त्या मेव्हण्याला सगळे अप्पा म्हणायचे. खोलीचा नाद सोडून आम्ही गाडी तिथंच लावली. पाटी तीच, उप्पीट तेच, पातळ चहासुद्धा अगदी तोच. कागदावरचा तिसरा नियम असा, की शिट्टी झाली की आपापली माणसं मोजून सांगावीत. नांदेडला तो यात्रेकरू मागं राहू नयेत म्हणून होता. इथं यात्रेकरू नव्हते, पोरांना घेऊन आलेले आईबाप होते. जीपवाले, टेंपोवाले, एक तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री बांधून आलेला. आणि लातूरकडच्यांचं बघून प्रत्येक गाडीत उलट्या गिलासावर तांब्या ठेवलेला. जमीन हलली की तो पडावा, आपण जागं व्हावं, पळावं.

नात ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून अभ्यास करायची. "आज्जी, इथं कुणी मधे बोलत न्हाई, तू सोडून," म्हणायची.

पंधरा दिवसांनी जावईबापू बघायला आले. मैदान बघितलं, खांब बघितला, दोरीवरचं माझं लुगडं बघितलं. "मामी, हे बिऱ्हाड हाय का बाजार? लोकांना काय सांगू, पोरगी डॉक्टरकीचा अभ्यास गाडीत करून राहिली?" जेवण झाल्यावर म्हणाले, संध्याकाळच्या बसनं तिला घेऊन जातो. नात एकेक पुस्तक पिशवीत भरत राहिली.  पोरीचं वर्ष माझ्या भीतीपायी वाया चाललं होतं.

दुपारी हे बाजारात गेले आणि बाकी सगळे आडवे झाले. जावईबापूसुद्धा बनियनवर गाडीत लवंडले. तेवढ्यात पाण्याचा टँकर मागं घेत घेत आत आला. जमीन थरथरली, आमचा तांब्या खण्णकन पडला. मग शेजारच्या जीपमधला, मग टेंपोतला, अशी रांगच लागली. धडाधड माणसं बाहेर! सगळ्यांत पुढं मी. पळावं लागू नये म्हणून जी गाडी धरून बसले होते, तिच्यातूनच उडी मारून, मैदानातून मैदानात आले होते.

अप्पांनी शिट्टी फुंकली.

"टेंपोवाले?"

"पाचाचे पाच!"

"ट्रॉली?"

"तिघं! मालकीण न्हाणीत हाय, ती म्हणती साबण धुवून येते!"

"मॅटाडोर?"

मी तोंड उघडायच्या आत जीपवाली देगलूरची बाई ओरडली, "पोरगी माझ्यापाशी हाय!" स्वतःचा नवरा जीपमध्ये घोरत सोडून तिनं आमच्या नातीचं मनगट धरून पळ काढला होता.

अप्पांनी इकडंतिकडं बघितलं. "बिलोलीचे मास्तर?"

एका पायात चप्पल, अंगात बनियन. जावईबापूंचा हात आपोआप वर गेला. "हजर!"

सगळं मैदान हसलं. टँकरवाला तेवढा खिडकीतून विचारत होता, "काय झालं, कुणाला लागलं का?"

चहा पिताना जावईबापूंनी अप्पांना विचारलं, "हे मोजणं रोज असतं?"

"रोज दिवेलागणीला. नियम हाय शाखेचा."

त्यांनी कप खाली ठेवला. मग नातीला म्हणाले, "पुस्तकं काढ बाहेर." अप्पांनी लगेच अभिप्रायाची वही पुढं केली, तिच्यात त्यांनी मास्तरी अक्षरात लिहिलं: व्यवस्था समाधानकारक. उपस्थिती पूर्ण. चहाचा विषय त्यांनी सभ्यपणानं टाळला.

निघताना खाली पडलेला तांब्या त्यांनीच उचलून परत गिलासावर ठेवला. मोजूनमापून, अगदी मधोमध. ट्रक आदळला असता तरी पडला नसता. ते स्टँडकडं वळले, तसा मी तो हळूच जरा कडेला सरकवला.