साडूंचे रविवारचे फोन

आमच्या साडूंइतका सरळ मनाचा आणि वाकड्या वाटेने चालणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल. खांदा कॉलनीत राहतात, भाजीला पनवेलच्या बाजारात जातात. हवी असते मेथीची जुडी. पण आधी भोपळ्याला टिचकी मारतील, वांग्याचं देठ निरखतील, सुरणाची चौकशी करतील आणि निघता निघता सहज आठवल्यासारखी मेथी उचलतील. "आपल्याला काय हवंय ते समोरच्याला कळता कामा नये," हे त्यावरचं स्पष्टीकरण. भाजीवाली मात्र त्यांना लांबून बघताच मेथी बाजूला काढते.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे; कॉम्प्युटरमधली माहिती चोरांपासून सांभाळायची, हे त्यांचं काम. कॉम्प्युटरच्या मेमरीतली माहिती कुलपात असली, तरी कुठला कप्पा सारखा उघडला जातो एवढ्यावरून चोर बरंच काही ताडतो म्हणे. म्हणून एक कप्पा हवा असताना सोबत चार उगाचच उघडायचे, आणि काढलेली वस्तू परत ठेवताना भलत्याच कप्प्यात ठेवायची. चोर गोंधळतो खरा, पण मशीनही दमतं. लपवाछपवी तेवढीच राहून काम लवकर कसं उरकेल, यावर साडू कित्येक वर्षं डोकं लावताहेत. त्यांनी मला हे समजावलं तेव्हा मी हुशार चेहरा करून मान हलवली. माझा चष्मा एकाच कप्प्यात ठेवूनही मला सापडत नाही, हे बोललो नाही.

त्यांच्या मुलीने उरणच्या कोळीवाड्यातल्या, बंदरात नोकरी करणाऱ्या मुलाशी लग्न केलं. "माझ्यापुरता विषय संपला," असं साडूंनी जाहीर केलं, आणि पुढच्याच रविवारपासून झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन करायला लागले. सगळ्यांना तेच प्रश्न : तब्येत कशी, जेवण झालं का, पाणी येतं का. कर्जतची आत्या, पेणचे मामा, आम्ही, आणि मधेच कुठेतरी, ओघात आल्यासारख्या, उरणच्या विहीणबाई. त्या बाई बिलंदर. एका रविवारी म्हणाल्या, "पानी येतं, मी जेवले, न तुमची पोर पन बरी हाय. सातवा लागलाय तिला." साडू घाईघाईने म्हणाले, "मी तिचं विचारलं नव्हतं." पण त्या दिवशी ते दोनदा जेवले, असं माझी मेहुणी सांगते.

या फोनांत अख्खा रविवार जायचा. मग साडूंनी ऑफिसातली युक्ती घरी आणली. एकदा मिळालेली माहिती जवळच ठेवायची, चार खेपा एका खेपेत उरकायच्या. आत्याकडूनच मामांची खबर, माझ्याकडूनच माझ्या भावांची. फोन निम्म्यावर आले. "वेग वाढला, गळती शून्य," साडू खुशीत म्हणाले. उरणचा फोन तेवढा दुसऱ्या कुठल्याच फोनमध्ये मावेना. "अहो, एव्हाना चोरालासुद्धा कळलंय," मेहुणी गवार मोडता मोडता म्हणाली.

गेल्या महिन्यात एका बुधवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा मेहुणीला विहीणबाईंचा फोन आला. दिवस भरायच्या आतच मुलीला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. साडूंनी मोबाईल उचलला आणि सवयीने कर्जतला लावला. "आत्या, तब्येत कशी..." एवढं म्हणून थांबले. "आत्या, ठेवतो. मला माझ्या मुलीला फोन करायचाय."

तिचा नंबर त्यांना शोधावा लागला नाही. जावयाने उचलून तिच्या कानाशी धरला असावा. साडू म्हणाले, "मी निघालोय. घाबरू नकोस." दारात त्यांनी उजव्या पायात डावी चप्पल घातली, आणि कुणी हसलं नाही.

नात झाली, दोघी सुखरूप आहेत. त्या रविवारी आमच्याकडे फोन आला नाही. दुपारचा चहा झाला. "भाऊजी बरे असतील ना?" बायको म्हणाली. इतके दिवस मी त्या फोनाची टिंगल करायचो, पण आता गुपचूप मोबाईलचा आवाज वाढवून ठेवला. संध्याकाळी एकदाचा आला, उरणहूनच. नात जांभई कशी देते हे साडूंनी बराच वेळ सांगितलं. नाक विहीणबाईंवर गेलंय म्हणाले, तशा मागून त्या हसल्या. आम्ही कसे आहोत, हे विचारायचं राहूनच गेलं.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"मजेत आहेत," मी म्हटलं. आता आपल्याला कुणी उगाच फोन करणार नाही, हे लक्षात यायला मात्र जरा वेळ लागला.